सफेदोबच्या सुनांची नावं

बाजाराचा दिवस होता, आणि आमच्या सफेदोबच्या टपाल कचेरीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. तुतीच्या टोपल्या घेऊन बसलेले विक्रेते गिऱ्हाइकाकडे पाठ करून कचेरीकडे बघत होते. आतल्या खोलीच्या दाराखालून, नजर उतरवायला जाळतात त्या इस्पंदाच्या बियांचा कडवट धूर बाहेर येत होता. दारासमोर गावातल्या सुना उभ्या होत्या, त्यांच्यामागे त्यांच्या सासवा, आणि सासवांच्या हातांत साखरेच्या ढेपा, कापडाचे तागे, पाय बांधलेल्या कोंबड्या.

दार उघडलं. लुत्फिया बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा नुसता फुलून आला होता.

"आलं," ती म्हणाली. "माझं नाव परत आलं. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं."

घोळक्यातून मोठा सुस्कारा उठला. एका म्हातारीने पुढे होऊन दारात उभ्या असलेल्या सबोहत फोलबिनच्या झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. फोलबिन म्हणजे आमच्याकडे भविष्य बघणारी बाई. आरसा, पाण्याचा वाडगा, कापसाचे बोळे आणि मूठभर इस्पंद एवढ्या भांडवलावर आमच्या सबोहतने आजवर चांगला संसार केला होता. आता तर तिला सरकारी कचेरीत खोली मिळाली होती. मिळणारच, कचेरी सांभाळणारा शोदी तिचा सख्खा भाचा.

"नाव म्हणजे पाखरू गं बायांनो," सबोहत सांगत होती. "पिंजरा उघडा राहिला की उडतं. तिकडे रशियाच्या वाटेवर निळ्या डोळ्यांची एक बया बसलीय. येणारं-जाणारं प्रत्येक नाव ती जिभेवर ठेवून बघते. गोड लागलं की गिळते. मी इथून धूर घालते, तिला ठसका लागतो, नाव बाहेर पडतं."

"आणि कोंबडी कशाला लागते?" मी मागून विचारलं.

"वाटेवरच्या खर्चाला, मुअल्लिम," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही शाळेत भौतिकशास्त्र शिकवता. तुम्हाला कोंबडी दिसते, वाट दिसत नाही."

लोक हसले. मीही हसलो. मला वाटलं होतं, मी त्यांच्यातला नाही.

आता हे नाव हरवण्याचं प्रकरण सांगतो. आमच्या गावात धडधाकट पुरुष बघायचा असेल तर लग्नाचा नाही तर मयताचा दिवस गाठावा. बाकी सगळे रशियात, कुणी विटा लावतोय, कुणी बर्फ उपसतोय. फोन महाग, शिवाय टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि लागला तरी तो सासूच्या हातात. सुनेच्या वाट्याला "बरी आहे, तुम्ही जपा" एवढंच. म्हणून पोरं ईमेल पाठवतात. पत्र वडिलांच्या नाही तर आईच्या नावाने असतं, कचेरीच्या खिडकीतल्या संगणकावर शोदी ते मोठ्याने वाचतो, घरातले सगळे उभे राहून ऐकतात.

वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. पत्रात आईला सलाम, काकांना सलाम, शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्यालासुद्धा सलाम, पण बायकोचं नाव नाही. मग पोरांनी एक युक्ती काढली. कुणी आधी काढली ते कुणालाच माहीत नाही. पत्रासोबत एक फोटो जोडायचा, आणि त्या फोटोच्या फाइलला बायकोचं नाव द्यायचं. शोदी पत्र वाचून झाल्यावर पडदा जरासा वळवायचा. सून डोळे उचलून एक शब्द वाचायची. सासू त्या वेळी नेमकी पदराला गाठ मारत असायची. दोन वर्षं दुरावलेल्या नवरा-बायकोत चाललेलं बोलणं ते तेवढंच. उत्तराच्या वेळी सूनही शोदीच्या कानात एकच शब्द, नवऱ्याचं नाव, सांगायची, आणि तिच्या पोराचा फोटो त्या नावाने परत जायचा.

आणि या वसंतात ती नावं यायची बंद झाली. फोटो यायचा, नीट दिसायचा. पण जिथे नाव असायचं तिथे रशियनमध्ये लिहिलेलं असायचं, 'नाव नाही'. लुत्फियाचं गेलं, तिच्या जावेचं गेलं, पाणवठ्यापलीकडच्या सगळ्या घरांचं गेलं. नवऱ्याने नाव टाकलं म्हणजे बायको टाकली, हे आमच्याकडे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिकडे दुसरं घर करणारे आहेतच, फोनवरून तलाक देणारेही निघाले आहेत. बायकांची झोप उडाली. मग सबोहतने आतल्या खोलीत धूर घालून पत्र तिथे उघडायला लावलं, आणि नावं परत येऊ लागली.

सगळ्यांच्या नवऱ्यांना एकाच आठवड्यात बायकोचा विसर कसा पडला, असा प्रश्न भौतिकशास्त्राच्या मास्तराच्या मनात यायला हवा होता. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली, कारण तोवर दुखणं माझ्याच घरात शिरलं होतं.

माझा धाकटा भाऊ झोइर सायबेरियात इमारतीच्या कामावर आहे. त्याची बायको मोहशरीफ आणि लेक आमच्याजवळ, माझ्या आईच्या हाताखाली असतात. मोहशरीफचं नाव गेलं त्या दिवशी ती घरी आली, पीठ मळायला बसली, आणि पीठ सैल झालं तरी पाणी घालत राहिली. आई म्हणाली, "चल सबोहतकडे. साखरेची ढेप आहे घरात."

"नको, आई," मोहशरीफ म्हणाली. "त्यांनी नाव स्वतःहून टाकलं असेल, तर मला ते धुरातून काढून घ्यायचं नाही."

मला तिचं कौतुक वाटलं. वाटलं, घरात एक तरी माणूस शहाणं आहे. त्यानंतर तिने शोदीच्या कानात काही सांगणं बंद केलं. लेकीचे फोटो नुसते 'घर' म्हणून जाऊ लागले. तेही मला योग्यच वाटलं.

मी फोलबिनवर कवडीचा विश्वास ठेवला नाही. निळ्या डोळ्यांची बया वगैरे ऐकून चहाखान्यात मी सगळ्यांना पोट धरधरून हसवलं. पण झोइरने नाव टाकलं, हे मात्र मी खरं धरलं. गेल्या हिवाळ्यात तो एकदा म्हणाला होता, आमच्या खानावळीत तमारा नावाची बाई आहे, फार चांगलं सूप करते. बस. एका सुपावरून मी अख्खा संसार रचला. धूर मला पटला नाही, धुराने काढलेला निकाल पटला. याला कुणी बुद्धिवाद म्हणत असेल, तर माझं शिकवणं फुकट गेलं.

मी टेकडीवर चढलो आणि झोइरला फोन लावला. "लाज आहे का तुला?" मी सुरुवातच तिथून केली.

"अका, काय झालं?" त्याने विचारलं. अका म्हणजे आमच्याकडे मोठा भाऊ.

"मला विचारतोस? बायको सोडायची तर सरळ सोड. तिला अशी टांगून ठेवू नकोस."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. तो बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"ती असं म्हणते? सोड म्हणते?"

तिने असलं काहीच म्हटलं नव्हतं. तिने तर तोंडच उघडलं नव्हतं. पण मला वाटलं, जरा हादरला पाहिजे हा, म्हणजे जागेवर येईल. मी म्हणालो, "हो."

फोन कट झाला, की त्याने केला, ते कळलं नाही. मी टेकडी उतरलो तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर आलेलं पत्र अगदी त्रोटक होतं. आईला सलाम, तब्येत बरी आहे, संपलं. सोबत बर्फाचा फोटो. आणि या वेळी 'नाव नाही' नव्हतं. खिडकीतल्या पडद्यावर काही लॅटिन अक्षरं आणि पुढे आकडा दिसत होता. कॅमेरा स्वतःहून फोटोला देतो तसला.

सबोहत तिथेच होती. तिने मान डोलावली. "आकडा आला. संपलं. हा त्या बयेच्या घराचा नंबर आहे. आता धुराचं काम नाही, आता मोठा उतारा लागेल."

आईने मात्र उताऱ्याची वाट बघितली नाही. मोहशरीफच्या बापाला निरोप गेला, शुक्रवारी येऊन लेकीला घेऊन जा. मोहशरीफने गाठोडं बांधायला घेतलं. तिच्या लेकीला कुठे ठेवायचं, यावर आईचं आणि तिचं एकही वाक्य झालं नाही, म्हणजे लेक आमच्याकडेच राहणार हे तिला ठाऊक होतं. पोर अंगणात खेळत होती. मोहशरीफ तिचे कपडे गाठोड्यात घालायची, पुन्हा बाहेर काढून ठेवायची. मी ते बघितलं आणि मला घरात बसवेना.

चहाखान्यात जाऊन बसलो. तिथे सबोहतच्या आकड्याची टिंगल करायची म्हणून मी तोंड उघडलं, आणि मीच अडखळलो. नंबर बयेच्या घराचा नाही, हे उघड आहे. पण मग आकडा आला कसा? नावं येत नाहीत, आणि आकडा येतो. फोटोच्या नावात आमच्या रशियन वळणाच्या लिपीतलं काही पोचत नाही, लॅटिन आणि आकडे सुखरूप पोचतात. बयेच्या जिभेला लिपी कळते की काय?

तिथे पहिल्यांदा मी मास्तरासारखा विचार केला. दुसरी गोष्ट लगेच लक्षात आली. नावं जातात खिडकीत, आणि परत येतात आतल्या खोलीत. खिडकीत जुना संगणक आहे. आतल्या खोलीत कुठल्याशा मदत-योजनेतून आलेला नवा. मी पेला तसाच ठेवून उठलो.

कचेरीसमोर नेहमीची गर्दी होती. लुत्फियाही होती, पुढच्या पत्रासाठी आलेली. मी सगळ्यांसमोर शोदीला म्हणालो, "लुत्फियाचं मागच्या वेळचं पत्र काढ. ज्याचं नाव परत आलं ते. इथे, खिडकीत."

शोदीचा चेहरा पडला. "मुअल्लिम, ते झालेलं पत्र आहे. कशाला पुन्हा?"

"नाव परत आलंय ना? मग कुठेही बघितलं तरी असणारच. परत आलेला माणूस काय एकाच खोलीत परत येतो?"

"काढ रे," लुत्फिया म्हणाली. "मला पुन्हा वाचायचंय."

त्याने काढलं. पडद्यावर तेच रशियन शब्द, 'नाव नाही'. लुत्फियाने माझ्याकडे बघितलं.

"उघड्यावर नाव लाजतं," सबोहत घाईने म्हणाली. "सुनेचं नाव आहे, चारचौघांत कसं येईल?"

"बरं," मी म्हणालो. "मग न लाजता येईल असं करू. आमच्या मोहशरीफची पत्रं आतल्या संगणकावर उघड. तिने सबोहतचा धूर घेतलेला नाही, साखर दिलेली नाही. बयेला ठसका लागलेला नाही. तिची नावं तिथे दिसायला नकोत, बरोबर?"

बायकांनीच दार ढकललं. कुणीतरी आमच्या घरी धावलं असावं, कारण शोदी पत्रं उघडेपर्यंत मोहशरीफ दारात येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच.

शोदीने वसंतातलं पहिलं बेनाम पत्र उघडलं. नाव होतं. मोहशरीफ.

दुसरं उघडलं. 'मोहशरीफ, जर्दाळू फुलले का'.

तिसरं. 'मोहशरीफ, तू नाव का लिहीत नाहीस'.

आणखी एक. 'मोहशरीफ, माझं काय चुकलं ते सांग'.

बिचारा एकेका फोटोच्या पाठीवर प्रश्न लिहून पाठवत होता, आणि इकडून 'घर', 'घर' एवढंच जात होतं. मग शेवटचं पत्र उघडलं. इथेही तोच आकडा. या नव्या यंत्रावरही आकडाच. कारण त्या फोटोला झोइरने नाव दिलंच नव्हतं. तारीख माझ्या फोननंतरची होती. साऱ्या गावातलं एकच नाव खरोखर हरवलं होतं, आणि ते मी हरवलं होतं.

"आणि हे?" मोहशरीफने विचारलं. ती माझ्याशी थेट कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "याला नाव का नाही, अका?"

मी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"ते माझ्यामुळे," मी म्हणालो. "मी त्याला फोन केला. तू सोड म्हणतेस, असं सांगितलं. खोटं सांगितलं."

तिने पिठाचे हात झग्याला पुसले, आणि मला वाटलं, तिने मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी लोकांना प्रकार समजावला, कारण ते तरी माझ्याच्याने होण्यासारखं होतं. ईमेल निघाली तेव्हा तिला फक्त लॅटिन अक्षरं आणि आकडे समजत. आमच्या लिपीतलं नाव पाठवायचं तर ते आधी लॅटिन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या सांकेतिक खुणांत बांधावं लागतं. ही बांधणी करण्याच्या दोन रीती आहेत, एक जुनी, एक नवी. पोरं तिकडे ज्या सेवेतून पत्रं पाठवतात, तिने या वसंतात नवी रीत धरली असणार. खिडकीतल्या जुन्या संगणकाला ती गाठ सोडता येत नाही. तो नाव फेकून देतो आणि वर 'नाव नाही' लिहून मोकळा होतो. फोटोची आणि पत्रातल्या मजकुराची बांधणी वेगळी, म्हणून ती दोन्ही सुखरूप. आतल्या संगणकाला नवी गाठ सोडता येते. धूर घाला, न घाला, कोंबडी द्या, न द्या. नाव पहिल्या दिवसापासून पत्रातच होतं.

खात्री म्हणून तिथल्या तिथे प्रयोगही केला. लुत्फियाच्या हाताने एका फोटोला 'तूत' असं आमच्या लिपीत नाव दिलं, दुसऱ्याला नुसता आकडा, आणि नव्या रीतीच्या त्याच सेवेतून दोन्ही फोटो कचेरीच्याच पत्त्यावर पाठवले. खिडकीत आकडा आला, तूत गेलं. आत दोन्ही आले. ज्या म्हातारीने झग्याचं टोक डोळ्यांना लावलं होतं, तिने तीनदा करून बघायला लावलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

"सुरुवातीला मलाही माहीत नव्हतं, मुअल्लिम," शोदी खाली मान घालून म्हणाला. "एकदा सहज आत उघडलं तर नाव दिसलं. मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, कुणाला बोलू नकोस."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही बोललो. बायका रडत बाहेर यायच्या, पण आनंदाने रडायच्या. मला वाटलं, कुणाचं काय जातंय?"

त्याला झापायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हादरला तर जागेवर येईल, हेही असंच वाटलं होतं मला. सबोहत केव्हाच मागच्या दाराने गेली होती, आरसा तिथेच विसरून.

मोहशरीफ संगणकाजवळ आली. "शोदी, लिहून घे," ती म्हणाली. ती आज कुजबुजली नाही. सासू दारात होती, मी समोर होतो, अर्धं गाव खोलीत होतं. "लेकीचा फोटो जोड. त्याचं नाव लिही: झोइर, तुमची नावं येत होती, आम्हाला दिसली नाहीत."

आईने पदराला गाठ मारली नाही. ती सरळ सुनेकडे बघत होती.

"आणि पत्रात?" शोदीने विचारलं.

"पत्रात अका सांगतील," मोहशरीफ म्हणाली.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, शब्द न शब्द: ते 'हो' तिचं नव्हतं, माझं होतं. मी न तपासता बोललो, आणि तुझ्या बायकोच्या तोंडी खोटं घातलं. मला माफ कर.

शुक्रवारी मोहशरीफचा बाप आला, जेवला, आणि एकटाच परत गेला.

आता थोडं तुम्हा वाचणाऱ्यांशी. सबोहत अजून गावात आहे, सध्या गुडघेदुखीवर धूर घालते, आणि लोक जातातही. फोलबिन वाईट असते म्हणून लोक फसत नाहीत. माणसाच्या मनात भीती आधीच तयार असते, फोलबिन फक्त तिला पत्ता सांगते. मी शिकलेला, मला तिने धूर न घालताच गाठलं. म्हणून सांगतो, चमत्कार बघितलात तर तीच गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या यंत्रावर, धुराशिवाय करून बघा. आणि आपल्या माणसाबद्दल वाईट खात्री झाली, तर ती फोलबिनच्या बोलण्याइतकीच कसून तपासा, निदान त्याला विचारा, आणि विचारल्यावर त्याचं ऐका. यासाठी भौतिकशास्त्र लागत नाही.

पुढच्या बाजाराला झोइरचं पत्र आलं. खिडकीतला जुना संगणक एव्हाना काढून टाकला होता, सगळ्यांची पत्रं नव्यावरच उघडतात. शोदीने या वेळी आधी पडदा वळवला. फोटोला काय नाव होतं ते मला माहीत नाही, मी आईच्या पदराची गाठ बघत होतो. पण मोहशरीफ लेकीला कडेवर घेऊन हसत बाहेर गेली, ते बघितलं. मग शोदीने पत्र वाचलं. आईला सलाम. काकांना सलाम. शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला सलाम. माझं नाव नव्हतं. शोदी माझ्याकडे बघून कसनुसा झाला आणि म्हणाला, कधीकधी यंत्रात काही राहून जातं, मुअल्लिम.

"नाही," मी म्हणालो. "यंत्र बरोबर आहे."